आजार निघाला, ओढ राहिली

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही पाळ्या मला खऱ्याच वाटत नव्हत्या. गुदाशयाकडे जाणारी ती कळ नाही, उलट्या नाहीत, बाथरूमच्या फरशीवर मुटकुळं करून पडणं नाही. पोट दुखायचं, पण पाळीपुरतं, आणि गोळी घेतली की थांबायचं. दुर्बिणीतून एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) जागा कापून काढल्या, डाव्या बीजकोशातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, काढली, गर्भाशयाच्या मागे चिकटलेलं गुदाशय मोकळं केलं, असं डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं आणि पाळीही तेच सांगत होती.

दुसरं दुखणं पाळीच्या वाटेने आलंच नाही. टाके भरून आले होते, मी कामावर रुजू झाले होते, आणि रात्री या कुशीवरून त्या कुशीवर वळताना डावीकडे, जांघेच्या जरा वर, आतून ओढ बसायला लागली. सुरुवातीला फक्त वळताना. मग लघवी तुंबली की. मग शौचाच्या आधी, पोटभर जेवल्यावर, वरच्या फळीवरचं काही काढायला हात उंच केला की. कोटाचं अस्तर चुकून एका जागी बाहेरच्या कापडाला शिवलं गेलं तर एरवी काही कळत नाही, पण हात वर केला की नेमकी तिथेच ओढ बसते, तसं. वर तिथेच एक बोटभर जागा अशी होती की पँटचा पट्टा टेकला तरी जळजळायची. आणि संध्याकाळपर्यंत या सगळ्याचा मिळून एक जड ठणका व्हायचा, जो मांडीत उतरायचा.

आधीच्या आजारात मी तारखा बघून दिवस ठरवायचे. या दुखण्याला तारखा नव्हत्या. अवयव भरला, सरकला, ताणला की दुखणार. हा फरक नीट शब्दांत सांगता येणं पुढे फार कामाला आलं. ‘ओटीपोटात दुखतं’ म्हटलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि पेनकिलर लिहितो. ‘लघवी भरली की डावीकडे ओढतं आणि केल्यावर पाचेक मिनिटांत सैल पडतं’ म्हटलं की तो पेन खाली ठेवतो.

ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जननी सोनोग्राफी बघितली, तपासलं आणि म्हणाले, “आजार परत आलेला दिसत नाही. अ‍ॅडहेजन्स असतील. असतातच.” ते चुकीचं बोलले नव्हते. पण त्या ‘असतातच’नंतर पुढे काही नव्हतं. ना काय करायचं, ना कुठे जायचं. एक नाव मिळालं आणि दार बंद झालं.

हे अ‍ॅडहेजन्स म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्याला, पेरिटोनियमला, इजा झाल्यावर तयार होणारे चिकट पट्टे. इजा झाली की काही तासांत तिथे फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाचा, चिकट थर जमतो. सगळं सुरळीत असेल तर शरीर तो थर दोन-चार दिवसांत विरघळवून टाकतं आणि आठवड्याभरात पडदा पुन्हा गुळगुळीत होतो. विरघळला नाही तर त्यात पेशी शिरतात, कोलॅजन, म्हणजे व्रणातले चिवट धागे, बनतं, बारीक रक्तवाहिन्या येतात, आणि समोरासमोरचे दोन अवयव जोडले जातात. पोटाच्या बहुतेक ऑपरेशनांनंतर कुठे ना कुठे असे पट्टे होतात. एंडोमेट्रिओसिसमध्ये गंमत, म्हणजे गंमत कसली, ही की हा आजार सुरीशिवायही तेच करतो. महिन्यामागून महिने सूज, त्यातून चिकटणं. मला ऑपरेशनच्या आधीच चिकटलेलं होतं. सोडवलेल्या जागा पुन्हा उघड्या पडल्या आणि त्यातल्या काही पुन्हा चिकटल्या. म्हणजे आजाराने केलेले किती आणि उपचाराने केलेले किती, याचा हिशोब कधीच लागणार नाही. मी तो लावत बसणं सोडून दिलं.

दुसरं मत घ्यायला गेले तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि मग सोनोग्राफी स्वतः केली. ही सोनोग्राफी मला नवीन होती. योनिमार्गातला प्रोब त्या हलकेच दाबत होत्या, दुसऱ्या हाताने पोटावर दाब देत होत्या आणि स्क्रीनवर काय सरकतं, काय सरकत नाही ते बघत होत्या. गर्भाशयाच्या पाठीवरून गुदाशय घसरतं की नाही, याला त्या स्लायडिंग साइन म्हणतात. माझं मध्यभागी घसरत होतं, म्हणजे मागची खोलगट जागा मोकळी राहिली होती. डावा बीजकोश मात्र बाजूच्या भिंतीला धरून बसला होता, दाबला तरी हलत नव्हता. “पातळ पट्टे यात दिसत नाहीत,” त्या म्हणाल्या, “एमआरआयमध्येही नाहीत, सीटीमध्येही नाहीत. पट्टा दिसत नाही, काय हलत नाहीये ते दिसतं.” इतकी वर्षं रिपोर्ट नॉर्मल, रिपोर्ट नॉर्मल ऐकल्यावर हे वाक्य मला कुठल्याही औषधापेक्षा जास्त लागू पडलं.

मी विचारलं ते कोणीही विचारेल तेच: मग परत दुर्बीण घालून सोडवून टाका ना.

त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी मला नेदरलँड्समधल्या एका चाचणीबद्दल सांगितलं, जी २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. पोटात कायम दुखणाऱ्या आणि दुर्बिणीतून चिकटलेलं सापडलेल्या १०० जणांचे दोन गट केले. एका गटाचे पट्टे सोडवले, दुसऱ्या गटात नुसतं बघून दुर्बीण बाहेर काढली. कोणत्या गटात आपण आहोत हे रुग्णांना माहीत नव्हतं. वर्षभराने दोन्ही गटांना बरं वाटत होतं, आणि जवळजवळ सारखंच. पुढे १२ वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा विचारलं तेव्हा सोडवलेल्या गटाची अवस्था उलट जरा वाईटच निघाली. ही चाचणी सर्वसाधारण पोटदुखीच्या रुग्णांवरची होती, एंडोमेट्रिओसिसवाल्या बायकांसाठी वेगळी केलेली नव्हती, हेही त्यांनी स्पष्ट केलं. आजार परत आला, आतडं अडकलं किंवा मूल हवं असताना बीजवाहक नळ्या चिकटल्या असतील तर विचार वेगळा असतो. पण केवळ दुखण्यासाठी आणखी एक ऑपरेशन म्हणजे आणखी इजा, आणि इजेतून पुन्हा चिकटणं. ऑपरेशनच्या वेळी अवयवांच्या मध्ये ठेवायचे विरघळणारे पडदे मिळतात. त्यांनी चिकटणं कमी होतं. दुखणं कमी होतं याचा पुरावा मात्र तितका भक्कम नाही.

घरी नवऱ्याला हे पटायला वेळ लागला. त्याच्या मते चिकटलंय तर सोडवायचं, साधा हिशोब. मला मात्र त्या चाचणीतली एक गोष्ट राहून राहून आठवत होती. काहीही न सोडवलेल्या लोकांनाही बरं वाटलं होतं. म्हणजे त्यांच्या दुखण्याचा बराच भाग पट्ट्यांबाहेर कुठेतरी होता. मग माझ्याही असेल का?

होता. पहिला तुकडा तर पोटाच्या बाहेरच्या भिंतीतच सापडला. डॉक्टर बाईंनी मला उताणं झोपवलं, त्या जळजळणाऱ्या जागेवर बोट दाबून धरलं आणि म्हणाल्या, “आता हात न टेकवता डोकं आणि खांदे वर उचला.” उचलल्यावर दुखणं वाढलं. दुखणं खोल आत असेल तर स्नायू आवळल्यावर आतला भाग झाकला जातो आणि दुखणं सहसा कमी होतं. वाढलं तर ते भिंतीतलं. कार्नेटची चाचणी म्हणतात हिला, शंभर वर्षं जुनी आहे, एक बोट आणि अर्धं मिनिट लागतं. माझ्या डाव्या बाजूच्या दुर्बिणीच्या छिद्राच्या व्रणाजवळ एक बारीक नस धरली गेली होती. तिथे बधिर करायचं इंजेक्शन दिल्यावर पँटचा पट्टा मी तिथल्या तिथे घट्ट करून बघितला. पुढे ते इंजेक्शन अधूनमधून घ्यावं लागलं आणि तो त्रास जवळजवळ संपला. आतली ओढ तशीच होती, पण आता ती वेगळी ओळखता येत होती.

दुसरा तुकडा मोठा होता आणि त्याबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण बायकांना इथपर्यंत कोणी आणतच नाही. डॉक्टर बाईंनी मला पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मी आधी वैतागले होते. हे स्नायू म्हणजे बाळंतपणानंतर ढिले पडतात ते, त्यांना घट्ट करायचे व्यायाम असतात, एवढंच मला माहीत. माझं उलट निघालं. वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढताना मी खालचे स्नायू आवळून धरायला शिकले होते आणि ते सोडायचं शरीर विसरलं होतं. तपासणी योनिमार्गातून, एका बोटाने, माझ्या परवानगीने आणि मी थांबा म्हटलं की थांबून झाली. डावीकडे, खोलवर, कुल्ह्याकडे जाणाऱ्या एका स्नायूवर बोट टेकलं आणि मांडीत उतरणारा तो संध्याकाळचा जड ठणका जसाच्या तसा उभा राहिला. मी चक्क म्हणाले, “हेच! हेच ते!” जे दुखणं मी अ‍ॅडहेजन्सच्या नावावर टाकून मोकळी झाले होते, ते एका स्नायूत होतं आणि बोटाने दाबून दाखवता येत होतं.

मग काम सुरू झालं, आणि ते कंटाळवाणं काम आहे. पाठीवर पडून, गुडघ्यांखाली उशी घेऊन, श्वास घेताना पोट आणि फासळ्या फुलू द्यायच्या आणि खालचे स्नायू खाली सैल सोडायचे. ऐकायला काहीच नाही. पण मला पहिले काही आठवडे ‘खाली सोडणं’ म्हणजे काय तेच कळत नव्हतं. मी सोडायला गेले की आवळायचे. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, “जोर करून उघडायचं नाहीये. लघवी सुरू होते त्या क्षणी काय होतं ते आठवा.” ते जमलं. मग मांड्यांचे, कुल्ह्यांचे ताण. उकिडवं बसून श्वास. व्रणांवर बोटाने हलकं मालिश. आणि आतले स्नायू घरी सैल करायला एक वाकडी कांडी. कुशीवर वळायचंही मला नव्याने शिकवलं: गुडघे दुमडायचे, श्वास सोडत खांदे आणि गुडघे एकत्र वळवायचे, कंबर मागे राहू द्यायची नाही. ओढ निम्म्याने कमी.

एक गोष्ट इथेच सांगते. हाताने पोटावर दाबून आतले पट्टे तोडून देतो, असं सांगणारे लोक भेटतात. आतले पट्टे बाहेरून दाबून तुटतात याचा भरवशाचा पुरावा मला कोणी दाखवला नाही, आणि माझ्या फिजिओथेरपिस्टनेही तो दावा कधी केला नाही. ती स्नायू, व्रण आणि श्वास यांवर काम करते, एवढंच म्हणते. म्हणून मला तिच्यावर विश्वास आहे.

शरीरसंबंधांबद्दल डॉक्टरही पटकन पुढे जातात, बाईही. ऑपरेशनच्या आधी खोल गेल्यावर दुखायचं. नंतर सुरुवातीलाच दुखायला लागलं, आणि नंतर कितीतरी तास ठणका. सुरुवातीचं दुखणं स्नायूंचं होतं, कारण ते आता येऊ घातलेल्या दुखण्याच्या धास्तीनेच आवळायचे. खोल दुखणं त्या भिंतीला धरलेल्या बीजकोशाचं असावं. स्नायू सैल व्हायला लागल्यावर पहिलं बरंच सुधारलं. दुसऱ्यासाठी कोन बदलणं, खोली माझ्या हातात असणं, आणि भरल्या पोटी, भरल्या मूत्राशयावर नको, एवढं साधं काहीबाही. त्याहून अवघड होतं ते नवऱ्याशी मधेच थांबण्याबद्दल आधी बोलून ठेवणं. थांबलं म्हणजे काही बिघडलं नाही, हे आमच्यात ठरलं तेव्हा माझं शरीर आधीच आवळून बसेनासं झालं. ज्या दिवशी नको त्या दिवशी नको, याला कारण जोडायची गरजही राहिली नाही.

औषधांचं थोडक्यात सांगते. रात्री कमी मात्रेत अ‍ॅमिट्रिप्टिलिन, नसांचं दुखणं शांत करायला. त्याने तोंड कोरडं पडलं, सकाळी जडपणा आला, पण झोप लागली आणि ठणक्याची धार कमी झाली, म्हणून ठेवलं. आजार परत उगवू नये म्हणून रोज डायनोजेस्ट हे हार्मोनचं औषध, २ मिलिग्रॅम. ते झालेल्या पट्ट्यांना काही करत नाही, पण नवी सूज आणि नवं चिकटणं रोखायचं असेल तर आजार झोपलेला बरा. नसांच्या दुखण्यावर देतात त्या गॅबापेंटिनचा विषय निघाला होता. ओटीपोटाच्या, स्पष्ट कारण न सापडलेल्या दुखण्यावर ब्रिटनमध्ये ३०० हून जास्त बायकांवर त्याची चाचणी झाली, २०२० मध्ये निष्कर्ष आले, त्यात खोट्या गोळीपेक्षा काही फायदा दिसला नाही आणि दुष्परिणाम जास्त होते. माझं दुखणं कारण सापडलेलं असलं तरी मी नको म्हटलं. ट्रॅमाडॉलसारख्या जोरकस गोळ्या मी जवळ ठेवते, पण क्वचितच घेते. त्यांनी बद्धकोष्ठ होतं, आणि भरलेलं आतडं म्हणजे पुन्हा तीच ओढ.

“एकदा मूल होऊ दे, सगळं बरं होईल,” हा सल्ला आजारातही ऐकला होता, आता या दुखण्यावरही ऐकते. गरोदरपण हा एंडोमेट्रिओसिसचा उपचार नाही, आणि चिकटलेल्या बीजकोशाला तर त्याचं काहीच देणंघेणं नाही. पूर्वी मी वाद घालायचे. आता “हं” म्हणते आणि उठते.

आता जे उरलंय ते खरोखर आतलं आहे, असं मला वाटतं. डावीकडची ती मूळ ओढ. तिच्याबद्दलही एक गोष्ट वाचून मी चकित झाले होते: २००१ मध्ये संशोधकांनी माणसांच्या पोटातले असे पट्टे काढून तपासले तेव्हा त्यांत संवेदना वाहून नेणारे मज्जातंतू सापडले, आणि ज्यांना काही दुखत नव्हतं त्यांच्या पट्ट्यांतही सापडले. म्हणजे पट्ट्यात जीव असतो, तरी एकीला दुखतं आणि दुसरीला त्याची दादही नसते. किती चिकटलंय यावर किती दुखणार हे ठरत नाही. मला डॉक्टर बाईंनी समजावलं होतं की मूत्राशय, आतडं, गर्भाशय यांच्या नसा पाठीच्या कण्यात शेजारीशेजारी पोचतात आणि वर्षानुवर्षं एकीकडून आरडाओरडा आला की शेजारचेही हळवे होतात. यात ‘मनाचे खेळ’ कुठेच नाहीत. चिंता वाढली, झोप गेली की दुखणं वाढतं हेही खरं; दोन्ही एकत्र खरं असू शकतं, एवढं लोकांना कळलं तरी पुरे.

त्यामुळे दिवस थोडा बांधून घेतलाय. लघवी तुंबू देत नाही, पण थोडी भरली की लगेच धावतही नाही. तसं केलं तर मूत्राशय आणखी चिडखोर होतं. पोटभर एकदा जेवण्याऐवजी थोडं थोडं. शौचाला पायाखाली छोटं स्टूल. बैठक लांबली तर मी उभी राहते, आणि ऑफिसात आता कोणी का म्हणून विचारत नाही, कारण एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं. दुखणं उसळलं की एखाद दिवस गरम पाण्याची पिशवी आणि झोप, पण त्यापुढे झोपून राहत नाही. बरं वाटलं त्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायला जायचं नाही, हे मात्र अजून पूर्ण जमलेलं नाही. चांगला दिवस आला की मी कपाटं आवरायला घेतेच.

एका बाबतीत मात्र घरात कोणालाच सूट नाही. पोट फुगून घट्ट झालं, पिळवटणाऱ्या कळा लाटेसारख्या यायला लागल्या, उलट्या थांबेनात आणि शौच तर सोडाच, वारासुद्धा सरेना, तर ते नेहमीचं दुखणं नाही. लहान आतडं अडकण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण पोटातले हेच पट्टे असतात. अशा वेळी पेनकिलर नाही, जुलाबाचं औषध नाही, पिशवी नाही. काहीही न खाता-पिता सरळ इस्पितळ. एकदा रात्री आम्ही गेलो होतो. आतडं अडकलेलं निघालं नाही, पण तिथल्या तरुण डॉक्टरने “बरं झालं आलात” म्हटलं, आणि मी पुन्हाही जाईन.

त्या रात्री विचारपूस करताना त्याने आधीच्या ऑपरेशनबद्दल विचारलं, तेव्हा डिस्चार्जच्या दोन ओळी त्याला पुरेनात. त्यानंतर मी ऑपरेशनची पूर्ण नोंद आणि आतले फोटो इस्पितळातून मागून घेतले. मिळवायला जरा खेटे घालावे लागले. कुठे काय चिकटलं होतं, काय सोडवलं, काय तसंच ठेवलं, आतड्याला धक्का लागला होता का, हे सगळं त्यात आहे. ते फोनमध्ये आहे, नवऱ्याच्या फोनमध्येही आहे. पुन्हा कधी कोणाला माझं पोट उघडावं लागलंच, तर सुरी कुठे जपून न्यायची ते त्याला आधी वाचता येईल.